चार चाके आणि एक लिटर डिझेल

मोटारीच्या इंजिनाविषयी मी भाषण करणार हे कळल्यावर माझे विद्यार्थी हसले असतील. गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. पाना कोणता आणि पक्कड कोणती एवढे मला कळते. त्यापलीकडे या विद्येवर माझा काहीच अधिकार नाही. तरीही आज तुमच्याशी बोलण्याचे धाडस करतो आहे ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीच्या बळावर. चूक माझी होती आणि तिची किंमत दुसऱ्याच एका माणसाला मोजावी लागली.

आमचे घर जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. शेती थोरले बंधू पाहतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, कोथिंबीर-मेथी असली की माळशेज घाट उतरून कल्याणला किंवा वाशीला. शेतापासून डांबरी सडकेपर्यंत दीड किलोमीटर काळ्या मातीचा रस्ता आहे. ही माती उन्हाळ्यात दगडासारखी आणि आषाढात लोण्यासारखी होते. दरवर्षी दोन-तीन वेळा तरी भरलेली गाडी त्यात रुतायची, ट्रॅक्टर बोलवावा लागायचा आणि तोवर बाजाराची वेळ टळून जायची. म्हणून २०१७ साली दादांनी एक जुनी पिकअप घेतली. ती ‘फोर बाय फोर’ होती. चारही चाकांना जोर असलेली गाडी! गावात ती आमच्याखेरीज कोणाकडे नव्हती, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला थोडा अभिमानच वाटे.

गाडीवर जे ड्रायव्हर होते त्यांना आम्ही सगळेच मामा म्हणत असू. वय पन्नाशीच्या पुढे. पूर्वी ट्रकवर असलेले, मितभाषी. त्यांच्या हातात गाडी बाराचा अ‍ॅव्हरेज देई. म्हणजे एका लिटरला बारा किलोमीटर. हिशेबाची वही माझ्याकडे असे. दर महिन्याला सुमारे चोवीसशे किलोमीटर धाव आणि दोनशे लिटर डिझेल, हे गणित दोन वर्षे ठरल्यासारखे जुळत आले.

२०१९ चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. दिवाळी उलटली तरी पाऊस जाईना. त्याच वर्षी ऑगस्टपासून आमच्या वहीतले आकडे बिघडू लागले. बाराचे साडेदहा झाले, मग दहा, आणि सप्टेंबरअखेर नऊ! चोवीसशे किलोमीटरला दोनशे लिटर लागायचे तिथे दोनशे सदुसष्ट. वरचे सदुसष्ट लिटर गेले कुठे? मी तर्कशास्त्राचा माणूस. गाडी तीच, रस्ता तोच, माल तोच. मग उरला कोण? मी ओट्यावर बसून, चार माणसांच्या देखत, मामांना विचारले. शब्द सौम्य होते, पण अर्थ लपण्यासारखा नव्हता. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून किल्ली काढली, ओट्यावर ठेवली आणि चपला घालून ते निघून गेले.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी एका लिटर डिझेलचे काय होते ते पाहू. हे मी तेव्हाच पाहिले असते तर पुढचे काही घडलेच नसते.

आपल्या घरात विजेचे मीटर असते. ‘युनिट’ म्हणजे काय ते त्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. एक लिटर डिझेल जाळले तर त्यातून सुमारे दहा युनिटांइतकी शक्ती निघते. पण यातली चाकापर्यंत पोचतात ती फार तर तीन युनिटे, आणि तीही इंजिन मनासारखे चालत असेल तर. बाकीची सात रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन हवेत जातात. त्याला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही. आपला संसार चालायचा तो या तीन युनिटांत.

आता ही तीन युनिटे कुठे खर्च होतात? भरलेल्या पिकअपचे वजन तीन टन धरू. खोपोलीहून खंडाळ्याला चढायचे म्हणजे सुमारे पाचशे मीटर उंची. तीन टन पाचशे मीटर वर उचलायला चार युनिटे लागतात. म्हणजे सव्वा लिटरहून अधिक डिझेल नुसते उचलण्यातच गेले, पुढे ढकलण्याचे वेगळे. हा खर्च न्याय्य आहे, घाट चढायचा तर तो द्यायलाच हवा. पण दुसरा एक खर्च पाहा. हीच गाडी ताशी साठच्या वेगाने चालली आहे आणि समोर म्हैस आली म्हणून तुम्ही ब्रेक दाबून ती उभी केलीत. पुन्हा साठवर आणायला सुमारे चाळीस मिलिलिटर डिझेल लागते. अर्धा कप चहा! अशा सव्वीस वेळा थांबलात की एक लिटर संपला, आणि त्या लिटराने काय केले? ब्रेकचे ड्रम तापवले. चांगला ड्रायव्हर लांबवरूनच म्हैस पाहतो, पाय उचलतो, गाडी आपोआप मंदावते, म्हैस निघून जाते आणि ब्रेकला हात लावावाच लागत नाही. मामांना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या शेजारी बसले की गाडीला ब्रेक आहेत की नाहीत अशी शंका यायची.

तिसरा खर्च वाऱ्याचा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठचे ऐंशी केलेत तर वेग तिसऱ्या हिश्शाने वाढतो, पण वाऱ्याचा अडसर पावणेदोन पटींहून जास्त होतो. त्यात टोमॅटोच्या क्रेटची थप्पी केबिनच्या वर दोन हात गेलेली आणि ताडपत्रीचे एक टोक सुटून फडफडत असेल तर बघायलाच नको. ताडपत्री घट्ट बांधायला पाच मिनिटे लागतात, डिझेल मुळीच लागत नाही. चौथा खर्च टायरांचा. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि सुटतो, आणि त्या मळण्यात तापतो. ती उष्णता तुमच्या टाकीतूनच आलेली असते. भरल्या गाडीला मागच्या चाकांत जास्त हवा लागते हे सगळ्यांना माहीत असते आणि पंपावर हवा तपासायला उतरत मात्र कोणी नाही. इंजिन चालू ठेवून तासभर बाजारात उभे राहिलात तर अर्धा-पाऊण लिटर जातो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

एक समजूत मात्र मुद्दाम खोडून काढायची आहे, कारण तिच्यात जीव जातो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की डिझेल वाचते असे पुष्कळ ड्रायव्हर मानतात. ही समजूत कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांच्या काळातली. त्या इंजिनात चाके इंजिनाला फिरवत असली तरी पेट्रोल ओढले जाई. डिझेलचे तसे नाही. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललेला आहे आणि उतार गाडीला खेचतो आहे, अशा वेळी इंजिनात डिझेल जाणेच बंद होते. चाके इंजिनाला फुकट फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये टाकलीत की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावेच लागते. म्हणजे वाचवायला गेलात आणि खर्च केलात! शिवाय इंजिनाचा आधार सुटल्यामुळे तीन टनांचे सगळे ओझे ब्रेकवर येते, ड्रम तापतात, आणि माळशेजच्या एखाद्या वळणावर पाय शेवटपर्यंत दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम डिझेलच्या हिशेबानेही खरा आहे.

आता चार चाकांकडे वळू. इथेच माझा पाय घसरला.

शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे माझ्या मनात चित्र होते ते बैलांचे. दोन बैल जुंपले तर गाडी जड जाते, चार जुंपले तर हलकी जाते. त्या न्यायाने, दोन चाकांऐवजी चार चाकांनी ओढले तर इंजिनाला त्रास कमी आणि डिझेलही कमी, असे मी ठरवून टाकले होते. दृष्टान्त सुरेख होता आणि साफ चूक होता. चार बैल म्हणजे चार पोटे, चार वेगळ्या ताकदी. गाडीत बैल एकच, तो बॉनेटखाली. दोन चाकांऐवजी चार चाके जोडलीत म्हणजे बैल वाढत नाहीत. त्याच बैलाचा जोर जमिनीला टेकवण्याच्या जागा तेवढ्या वाढतात. फोर व्हील ड्राइव्ह शक्ती निर्माण करत नाही, ती वाटून देते. आणि वाटून देण्यासाठी जादा दांडा, जादा दातेरी चाके, जादा वंगण फिरवावे लागते, त्याचा खर्च होतोच. जादा सामानाचे वजन गाडी कायम वागवते ते निराळेच.

मग ते हवे कशाला? त्यासाठी आधी डिफरन्शियल समजले पाहिजे. वळण घेताना बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो, आतल्याला जवळचा. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जोडली तर एकाला फरफटावे लागेल. म्हणून आसाच्या मध्यावर डिफरन्शियल बसवतात. दोन्ही चाकांना तो सारखाच जोर देतो आणि ज्याला जितके फिरायचे तितके फिरू देतो. सडकेवर ही सोय फार चांगली. चिखलात मात्र तीच उलटते. एक चाक निसरड्यात गेले की ते मोकळे गरगरते, त्याला काही जोर लागतच नाही; आणि ‘दोघांना सारखे’ हा नियम असल्यामुळे घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, जोर मिळतो. रुतलेल्या गाडीचे एक चाक चिखल उडवत असते आणि दुसरे स्वस्थ उभे असते, ते यामुळे. अशा वेळी पुढच्या आसालाही जोर मिळाला तर गाडी निघते. पण त्यालाही मर्यादा आहे. पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके निसरड्यात गेली तर चार चाकांची गाडीसुद्धा जागच्या जागी गुरगुरत राहते. मागच्या डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय काही गाड्यांत असते, ती अशाच वेळेसाठी.

पुढच्या आसाला जोर देण्याचे काम ट्रान्सफर केस नावाची पेटी करते. ती गिअरबॉक्सच्या मागे असते. तिचा लहान लीव्हर मुख्य गिअरच्या शेजारी. त्यावर तीन जागा महत्त्वाच्या. टू-एच म्हणजे फक्त मागची चाके. फोर-एच म्हणजे चारही, नेहमीच्या वेगाने. फोर-एल म्हणजे चारही, पण वेग सुमारे अडीच पट कमी आणि जोर तितकाच जास्त. नांगराच्या चालीने निघायचे असेल तेव्हा. शिवाय जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी एकेक बटणासारखी चकती असते, तिच्यावर ‘फ्री’ आणि ‘लॉक’ असे लिहिलेले. हा हब. हब ‘फ्री’ असला म्हणजे पुढचे चाक एकटेच फिरते, आतला दांडा आणि डिफरन्शियल विश्रांती घेतात. नुसता लीव्हर टाकला आणि हब लावायला विसरलात तर जोर दांड्यापर्यंत येऊन थांबतो. मग लोक गाडीला शिव्या देतात.

या हबची हकीकत आपल्या विषयाला धरून आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी लाखो जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि तिकडच्या शेतकऱ्यांच्या हाती आल्या. तिथल्या कारखान्यांनीही हा वारा ओळखला. डॉजने १९४६ मध्ये ‘पॉवर वॅगन’ आणि विलीजने १९४७ मध्ये चार चाकांच्या जोराचा पिकअप ट्रक बाजारात आणला. त्याच १९४७ सालापासून मुंबईत महिंद्र कंपनी विलीज जीप जोडू लागली, आणि आपल्या खेड्यांनी हे वाहन पाहिले. पण युद्धातली जीप सडकेवर चालवताना पुढचा सगळा सांगाडा विनाकारण फिरत राही. डिझेल-पेट्रोलही जाई आणि झीजही होई. १९४८ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरी आर्थर वॉर्न याने यावर उपाय म्हणून हे सुटे होणारे हब विकायला सुरुवात केली. म्हणजे चार चाकांच्या गाडीचा मोठा सुधार कोणता, तर नको तेव्हा दोन चाके मोकळी करण्याची युक्ती!

आणि ती मोकळी का करावी, ते आता सांगतो. वळताना आतले-बाहेरचे चाक वेगळे चालते, तसाच पुढचा आणि मागचा आसही वेगळा चालतो. पुढची चाके मोठे वर्तुळ घेतात. आमच्या गाडीएवढी गाडी चौकात काटकोनात वळवली तर मागचा आस साडेनऊ मीटर चालतो तेव्हा पुढचा साडेदहा मीटर. पण फोर-एचमध्ये पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, दोघांना सारखेच फिरावे लागते. मग तो एक मीटरचा फरक कुठे जाणार? चिखलात चाक थोडे घसरते आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरीवर चाक घसरायला तयार नसते. मग दांड्यांना पीळ बसत जातो, ओल्या सुंभाला बसावा तसा. स्टिअरिंग जड होते, वळताना गाडी अडखळते, लीव्हर काढायला जावे तर निघत नाही. टायर झिजतात, आणि फार झाले तर पेटीतला एखादा दाता तुटतो. काही गाड्यांत मधोमध तिसरा डिफरन्शियल असतो, त्या सडकेवरही चारही चाकांवर चालतात. आपल्या कामाच्या पिकअपमध्ये तो बहुधा नसतो. गाडीबरोबर आलेले पुस्तक वाचून खात्री करावी. मी ते पुस्तक वाचले नव्हते. प्राध्यापकाने पुस्तक न वाचणे यासारखी दुसरी लाज नाही.

आता ओट्यावर परत जाऊ. मामा गेल्यावर शेजारच्या घरातला एक तरुण गाडीवर आला. महिनाभराने मी वही उघडली. अ‍ॅव्हरेज नऊ. मी तसाच बसून राहिलो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या त्या मी दरवर्षी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. त्यांतली व्यतिरेक पद्धती सोपी आहे: ज्याला कारण समजता ते काढून घ्या, कार्य नाहीसे झाले नाही तर ते कारण नव्हे. माणूस काढून घेतला होता आणि डिझेल तसेच जात होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढेच. या न्यायाला आपल्याकडे काकतालीय म्हणतात, तोही मी शिकवतो.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याला मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी इंजिनाला हातच लावला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “सर, मागचे टायर कधी बदलले?”

जूनमध्ये बदलले होते. दादांना कुठेतरी एक जोडी स्वस्तात मिळाली, ती त्यांनी मागे घातली. पुढे २१५ चे होते, मागे २३५ चे आले. नाव जवळजवळ तेच, भोकाचे माप तेच, चाकाला बसले. पण मोठ्या टायरचा व्यास सुमारे सातशे तेहेतीस मिलिमीटर आणि जुन्याचा सातशे तीन. चार टक्क्यांचा फरक. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. टायर मोठे झाले की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त चालते, आणि मीटर कमी दाखवतो. शंभर किलोमीटर गेलो की वहीत शहाण्णवच लागायचे. म्हणजे ज्या वहीच्या आधारावर मी माणसाला चोर ठरवले, ती वहीच चार टक्क्यांनी खोटे बोलत होती!

“आणि हा दांडा फोर-एचमध्ये कोणी ठेवलाय?” मिस्त्रींनी पुढचा प्रश्न विचारला.

मीच. जुलैमध्ये गाडी एकदा रुतली तेव्हा मी मामांना सांगितले होते की, आता पावसाळा संपेपर्यंत चारही चाके चालूच ठेवा. गाडी सांभाळूनही राहील आणि इंजिनाला हलकेही जाईल. चार बैलांचा तो दृष्टान्तही मी त्यांना ऐकवला होता. मामा म्हणाले होते, “सर, डांबरीवर हे बरं नाही.” मी म्हणालो, “मामा, मी सांगतो ना!” त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि नव्या पोराने तर लीव्हरला हातच लावला नव्हता.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. मागचे टायर मोठे, पुढचे लहान, आणि दोन्ही आस एकमेकांना बांधलेले. दांडे सारखेच फेरे घेणार. तेवढ्या फेऱ्यांत मागची चाके एकशेचार मीटर जाऊ पाहणार, पुढची शंभर. वळण असो की सरळ रस्ता असो, शंभर मीटरला चार मीटर कोणीतरी फरफटायचेच. पाऊस होता, रस्ते ओले होते, म्हणून पेटी टिकली. पुढचे टायर मात्र खवल्यांसारखे झिजले होते. हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने बोचरे. महिने दोन महिने ती खूण माझ्या डोळ्यांसमोर फिरत होती. लीव्हर काढायला गेलो तर हलेना. मिस्त्रींनी गाडी सरळ आठ-दहा हात मागे घेतली, पीळ सुटला, खट्‌ असा आवाज झाला आणि लीव्हर अलगद टू-एचवर आला.

तिसरे कारण सर्वांत साधे होते. पाच किलोमीटर फिरवून आणल्यावर मिस्त्रींनी चारही चाकांजवळ हात नेला. मागचे डावे चाक चुलीजवळ असावे तसे तापलेले. ब्रेकचे लायनर चिखलाने अडकून ड्रमला घासत होते. म्हणजे ब्रेक थोडासा लावूनच गाडी रात्रंदिवस धावत होती. ही तपासणी तुम्ही घरीही करू शकता. सपाट जागी न्यूट्रलमध्ये रिकामी गाडी दोघांनी ढकलून पाहावी. मोकळी असली तर ती सहज हलते.

टायर चारही एका मापाचे केले, ब्रेक साफ केला, लीव्हर आणि हब जागेवर आणले. पुढचा महिना अ‍ॅव्हरेज साडेअकराच्या पुढे. त्यानंतर मी मोजायची रीतही बदलली. एकाच पंपावर, एकाच बाजूला गाडी उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथे थांबायचे. आणि एका टाकीवरून निर्णय न देता तीन टाक्यांची सरासरी घ्यायची. टायरचे माप बदलले तर महामार्गावरच्या दगडांशी दहा किलोमीटर मीटर ताडून पाहायचा, किंवा हल्ली मोबाइलवर अंतर दिसते त्याच्याशी. अ‍ॅव्हरेज हा शब्दच ‘सरासरी’ असा आहे, हे आपण विसरतो.

चिखलातून निघण्याविषयी दोन शब्द सांगतो, कारण पुस्तकात हे थोडक्यात असते. चिखलात शिरण्याआधी हब आणि लीव्हर लावून घ्यावे. रुतल्यावर ढोपरभर चिखलात वाकून हब फिरवणे काय असते ते मी अनुभवले आहे. रुतलेल्या गाडीला जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की चाक आपल्यासाठी खड्डा खणते. फोर-एल टाकावे, दुसऱ्या गिअरने, हलक्या पायाने सुरुवात करावी. चाकाखाली पाचट, गोणपाट, काटक्या, जे मिळेल ते द्यावे. टायरातली हवा थोडी कमी केली तर तो पसरतो आणि पकड वाढते. सडकेवर आल्यावर ती परत भरली पाहिजे. आणि एक ध्यानात असू द्या: चार चाके गाडी निघायला मदत करतात, थांबायला नाही. दोन चाकांच्या गाडीलाही ब्रेक चारच असतात. ओल्या रस्त्यावर ‘माझी फोर बाय फोर आहे’ म्हणून वेग वाढवणारा माणूस वळणावर नेमके हेच विसरतो. वर्षातून पाच-सहा दिवसच चिखल असेल तर अशी गाडी घ्यावीच का, हाही प्रश्न आहे. माझे मत विचाराल तर तेवढ्यासाठी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो. दादांना ते पटत नाही.

मिस्त्रींकडून परतलो त्या संध्याकाळीच मी मामांच्या घरी गेलो. वही बरोबर नेली होती. टायरचे गणित, लीव्हर, ब्रेक, सगळे त्यांना दाखवले, आणि माफी मागितली. ओट्यावर त्या दिवशी जे चौघे होते त्यांनाही मी दुसऱ्या दिवशी बोलावून हे सांगितले. मामांनी ऐकून घेतलं. चहा दिला. “सर, तुम्ही आलात, बरं वाटलं,” एवढंच म्हणाले. कामावर मात्र ते परत आले नाहीत. त्यांना एका दुधाच्या गाडीवर जागा मिळाली होती.

पुढच्या पावसाळ्यात एकदा आमची गाडी ओढ्याजवळ भरल्या क्रेटसकट रुतली. पोराने अर्धा तास खटपट करून ती आणखी खाली नेली. मामा त्या रस्त्याने घरी चालले होते. ते थांबले, पायजमा वर खोचला, पाचट मागवले, आणि दहा मिनिटांत गाडी सडकेवर आणून उभी केली. मग वाकून त्यांनी दोन्ही हब ‘फ्री’वर फिरवले, लीव्हर टू-एचवर घेतला, प्रत्येक टायरवर एकेक लाथ मारून पाहिली आणि जाता जाता म्हणाले, “सर, मागच्या उजव्याला हवा कमी आहे.”

पंपावर जाऊन मोजली. आठ पौंड कमी होती.